धोंडा मोजायचा नाही

उपास सोडायला सांगितलं तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं. यावलच्या दवाखान्यातल्या नर्सबाई काही टाकून बोलल्या नव्हत्या. हसूनच म्हणाल्या, "ताई, तुमचे सोमवार, गुरुवार, चतुर्थ्या, एकादश्या सगळं देवाला पोचलं. आता बाळंतपण होईपर्यंत देवानं सुट्टी दिलीय असं समजा." पण लग्नाआधीपासून धरलेले नेम असे मध्येच सोडायचे म्हणजे दाराला कडी न लावता घराबाहेर पडल्यासारखं वाटायचं. म्हणून आषाढी एकादशीला देवापुढे दिवा लावून मी उपासांच्या बदल्यात दुसरा नेम मागून घेतला. चातुर्मासभर मौनानं जेवायचं. पहिल्या घासाआधी 'राम' म्हणायचं आणि हात धुवेपर्यंत शब्द काढायचा नाही. ताटात पडेल ते टाकायचं नाही. पोटातलं लेकरू सुखरूप बाहेर यावं, एवढंच मागणं.

हे ऐकून आमचे हे केळीचा घड खांद्यावरून उतरवता उतरवता थांबले.

"मौन? तू?" ते म्हणाले. "तू एरवी तरी बारा महिने बोलतेस किती, ते आधी सांग. तुझं मौन सुरू झालं हे आम्हाला कळणार कसं?"

"देवाला कळेल," मी म्हटलं.

"आणि यंदा धोंड्याचा महिना आहे, ठाऊक आहे ना? दोन श्रावण. चातुर्मास पाच महिन्यांचा."

ते खरंच माझ्या ध्यानात राहिलं नव्हतं. पंच्याऐंशी साली श्रावण अधिक आला होता. पण बोलून गेलेला नेम, आता मागे काय घ्यायचा.

आमच्या सासूबाई, भिकुबाई त्यांचं नाव, मी त्यांना आत्याबाई म्हणे. त्यांनी मात्र हसण्याआधी चौकशी केली. पुऱ्या वकिलासारखी.

"जेवताना 'हूं' म्हणायचं का?"

"नाही, आत्याबाई."

"मान हालवायची?"

"मान हलवणं म्हणजे बोलणंच झालं."

"अन् हात आडवा धरायचा? पुरे म्हणून?"

मी मनात नेम पुन्हा म्हणून बघितला. मग म्हटलं, "खूणही बोलण्यातच येते."

"अन् ताटात पडलेलं टाकायचं नही."

"नाही."

"मग चांगला आहे तुहा देव," त्या म्हणाल्या. "मले आवडला."

त्यांना तो का आवडला हे मला त्याच दुपारी कळलं. मी एक भाकरी संपवत आणली तर त्यांनी दुसरी टाकली. ती निम्मी झाली तर वरून तुपाची धार. वांग्याची भाजी, मग वाटीभर दूध, मग दुधात कुस्करलेलं केळं. मी डोळे वर करून त्यांच्याकडे बघितलं, तर त्या छताकडे बघत म्हणाल्या, "डोळे मोठे करणं ही खूण आहे का रे गिरधर?"

"आहे," आमचे हे म्हणाले. "नेम मोडला तर पहिल्यापासून."

मी डोळे खाली घातले आणि केळं संपवलं.

सहावा संपत आला तसं पोट असं वाढू लागलं, की ताटापुढे बसल्यावर ताटच मला दिसेना. पोटाआडून हात लांबवून घास घ्यावा लागे. जेवण झालं की छातीत जळजळ, बसलं की दम, उठलं की कंबर. पायांना सूज येऊन जोडवी इतकी घट्ट झाली, की आत्याबाईंनी एक दिवस तेल लावून ती स्वतः ओढून काढली आणि दोऱ्यात ओवून देवघरात टांगून ठेवली. "देवाले सांभाळू दे तोवर," म्हणाल्या. आणि पोटातलं लेकरू? ते दुपारी मी जरा डाव्या कुशीवर कलंडले, की लाथा मारायला लागायचं. कधी कधी पोटात एका ठिकाणी टक-टक-टक असं सारखं उडे. मी घाबरून आत्याबाईंना हात लावून बघायला सांगितलं, तर त्यांनी हात ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "उचकी लागली त्याले. धरणगावची आजी आठवण काढू राह्यली."

धरणगाव माझं माहेर. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, हे लग्नातच बोलून झालेलं होतं. सातव्यात ओटी भरायची आणि भावानं येऊन न्यायचं, असा आमच्याकडचा रिवाज. माझी आई दम्याची, तिला तापीपलीकडून इकडे येऊन राहणं झेपलं नसतं. म्हणून मीच जायला हवं होतं. आईच्या हातचं एकदा खाल्लं की छातीतली जळजळसुद्धा जाईल, असं मला उगीचच वाटे. तुळशीला पाणी घालताना मी लेकराच्या नावानं मागून झालं, की हळूच हेही मागत असे. मागायची लाज वाटे, पण मागत असे.

नेमका सातवा लागला आणि धोंडाही लागला. शेजारच्या यशोदाबाई दळणाला आल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "भिकुबाई, सुनेले सातवा ना? ओटी कधी भरता?"

"धोंड्यात कुठं ओटी भरतात वं?" आत्याबाई म्हणाल्या. "शुभ काम नही चालत."

"मग आठव्यात भरणार का?"

"आठवा कसा? धोंडा मोजायचा नही. धोंडा हा महिनाच नही, तो वरचा. पुढचा श्रावण येईल तो सातवा. त्या श्रावणात भरू, शुक्रवारी, जिवतीसमोर."

मी जात्याजवळ बसून गहू निवडत होते. ते वाक्य मी मनात जपून ठेवलं. धोंडा मोजायचा नाही.

धोंडा संपायला आला, तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी तुळशीला प्रदक्षिणा घालताना माझं पोट एकदम आवळून आलं. दुखलं असं नाही, पण हात लावला तर दगडासारखं टणक. मी वृंदावनाला धरून उभी राहिले.

"आत्याबाई," मी म्हटलं, "पोट धोंडा झालंय."

त्या चुलीपुढून उठून आल्या. हात लावला आणि म्हणाल्या, "धोंड्याचा महिना, तर पोटही धोंडाच होईल ना." पण हे म्हणताना त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं. त्यांनी मला डाव्या कुशीवर निजवलं, तांब्याभर पाणी पाजलं आणि पायाशी बसून राहिल्या. चुलीवरची भाकरी करपल्याचा वास आला तरी उठल्या नाहीत. थोड्या वेळात पोट सैल पडलं, लेकरानं एक लाथ मारली आणि मला हसू आलं. आत्याबाईंना काही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मला दवाखान्यात नेलं. नर्सबाईंनी पोट तपासलं, नळी लावून ठोके ऐकले, पायाची सूज दाबून बघितली, रक्तदाब बघितला.

"काही नाही, मावशी. कळा नव्हेत या. पिशवी सराव करते."

"सराव?" आत्याबाई म्हणाल्या. "कवायत आहे का शाळेतली?"

"तसंच समजा. थोडं पडलं, पाणी प्यायलं, की जातं ना? मग घाबरायचं नाही. पण पडूनही जाईना, घडीघडीला यायला लागलं, अंगावरून पाणी किंवा रक्त गेलं, डोकं फार दुखलं, नाहीतर बाळ गप्प झालं, तर मात्र सकाळ उजाडायची वाट बघायची नाही. लगेच यायचं." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "लाल गोळ्या घेता ना? जेवण एकदम नको, थोडं थोडं घ्या. जळजळ कमी होईल."

"थोडं थोडंच वाढते मी," आत्याबाई म्हणाल्या. मी जेवत नव्हते, बोलू शकत होते, तरी गप्प बसले.

"माहेरी जायचंय मला," मी हळूच विचारलं. "भुसावळपर्यंत एसटी, पुढे रेल्वे. चालेल का?"

"सगळं ठीक आहे, न चालायला काय झालं? एसटीत चाकावरच्या सीटवर बसू नका. पुढे बसा. मध्ये पाय मोकळे करा, पाणी प्या. आणि जायचं तर आत्ता जा, फार पुढे ढकलू नका. तीस आठवडे होतायत."

"आठवडे?" दवाखान्यातून बाहेर पडल्यावर आत्याबाई म्हणाल्या. "आपण महिने मोजतो अन् ही बाई आठवडी बाजार मोजू राह्यली." पण वाटेनं त्या बोटांवर काहीतरी मोजत होत्या. घराशी आलो तेव्हा मोजून झालं होतं, आणि त्यांचा चेहरा मला बरा वाटला नाही.

नवा श्रावण लागला. पहिल्या शुक्रवारी जिवतीसमोर माझी ओटी भरली. हिरवा चुडा, हिरवं लुगडं, बायकांची गाणी, सगळं छान झालं. माझा थोरला भाऊ हिलाल धरणगावहून डालगं घेऊन आला होता. त्यात आईनं केलेल्या खोबऱ्याच्या करंज्या, आणि वेगळ्या फडक्यात जावयासाठी अनारसे. धोंड्यात जावयाला अनारशांचं वाण द्यायचं असतं. केळीच्या कापणीमुळे ह्यांना तेव्हा जाता आलं नव्हतं, म्हणून आईनं ते मागाहून पाठवले होते. ह्यांनी शुक्रवारी आणि शनिवारी मिळून त्यातला एकच शिल्लक ठेवला. विचारलं तर म्हणाले, "सासूबाईंचा मान राखला."

शनिवारी निघत नाहीत. रविवारी दुपारच्या एसटीनं निघायचं ठरलं. माझी पिशवी भरून दारामागे ठेवली होती. रविवारी पानं मांडली. एका बाजूला आबा, म्हणजे माझे सासरे, मग हे, मग हिलालभाऊ आणि शेवटी मी. पोटुशीला मागे ठेवायचं नाही हा आत्याबाईंचा कायदा, त्यामुळे मला पुरुषांच्याच पंगतीला बसवलेलं.

मी 'राम' म्हणून पहिला घास घेतला. आत्याबाई बहुतेक तेवढ्याचीच वाट बघत होत्या.

"हिलाल," त्या म्हणाल्या, "बाप्पा, तू आजच्या गाडीनं जा. कुंदा नही येत."

घास माझ्या तोंडातच राहिला.

हिलालभाऊ म्हणजे दोन बैलांचं ओझं एकटा उचलेल असा गडी, पण परक्या घरी त्याच्या तोंडातून शब्द निघणं कठीण. त्याने आधी ताटाकडे बघितलं, मग म्हणाला, "मावशी, आई वाट दखी ऱ्हायनी. बठ्ठं सामान बांधेल शे."

"शे तर शे," आत्याबाई म्हणाल्या. आमच्याकडे 'आहे'ला 'शे' म्हणतात, त्यावरून त्या एरवी मलाही अशाच चिडवायच्या. "पण आठवा लागला. आठव्यात बाई तापी ओलांडत नही. नवव्यात पाहू."

"बरं," हिलालभाऊ म्हणाला.

बरं! मी त्याच्याकडे बघितलं, तर तो वरणात भात कालवत होता. नवव्यात कोण पाठवतं? नवव्यात मला एसटीत कोण चढवणार? आत्ता राहिले तर राहिलेच, हे मला दिसत होतं. आईनं माझ्यासाठी खाट अंगणाकडच्या खोलीत हलवल्याचं भाऊ कालच सांगत होता. माझ्या मनात सगळी उत्तरं रांगेनं उभी होती. नर्सबाई जा म्हणाल्यात. ओटी सातव्याची म्हणून परवाच भरली. पण घास तोंडात होता आणि नेम देवाजवळ होता. हात धुवायला उठावं, तर ताटात दोन भाकऱ्या.

"आई," आमचे हे म्हणाले, "परवा तर सातव्याची ओटी भरलीस. दोन दिवसांत आठवा?"

"तू गप रे. तू स्वतः आठव्यातला आहे, तुले मोजता येत नही." मग हिलालभाऊला सांगू लागल्या. "तेव्हा पूल नव्हता. मी आठव्यात माहेरी चालली होती, बैलगाडीनं. तापीच्या वाळूत गाडीचं चाक रुतलं अन् हा तिथंच झाला. हे एवढंसं. मांजराच्या पिलावाणी. माही सासू गाडीतून उतरून नदीले हात जोडून बसली होती."

"म्हणून मला सगळे तापीत सापडला म्हणतात," हे म्हणाले.

हसले सगळे, आत्याबाईसुद्धा. पण त्यांचा हात पदराशी चाळा करत होता. त्या दिवशी माझ्या पायाशी बसून भाकरी का करपू दिली, ते मला तेव्हा कळलं. माझा राग अर्धा तिथेच गेला. जायची इच्छा मात्र तेवढीच राहिली.

"अन् मी उगंच नही म्हणत," त्या म्हणाल्या. "हिशोबानं म्हणते. हे पाहा." त्यांनी करंज्यांचं डालगं ओढलं आणि माझ्या ताटात कडेकडेनं एकेक करंजी मांडू लागल्या. "हा माघ. हा फागुन. हा चैत. हा बैसाख. हा जेठ. हा आखाड." मग फडक्यातला तो शेवटचा अनारसा उचलून करंज्यांच्या ओळीत ठेवला. "हा धोंडा." आणि शेवटी आणखी एक करंजी. "अन् हा श्रावण. मोज रे हिलाल, किती झाले?"

हिलालभाऊनं बोट पुढे करून मोजले. "आठ शेत."

"झालं तर मग."

मी ताटाकडे बघत राहिले. भाकरी, भाजी आणि भोवती अर्धगोल करून बसलेलं माझं सगळं गर्भारपण. त्यातच तो खसखशीचा अनारसा, करंज्यांत उठून दिसणारा. ताटात पडेल ते खायचं, हा माझा नेम. आधी काय खायचं, यावर नेमात काही म्हटलेलं नव्हतं.

मी भाजी बाजूला सारली, अनारसा उचलला आणि खाल्ला. सावकाश, खसखससुद्धा ताटात सांडू दिली नाही.

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग आबा, जे जेवताना शेतावरच्या पाण्याखेरीज काही बोलत नसत, ते म्हणाले, "धोंडा खाल्ला तिनं."

"म्हणजे?" आत्याबाई म्हणाल्या.

"म्हणजे मोजायचा नही," आबा म्हणाले. "तूच सांगत होती ना यशोदाबाईले? मी ओट्यावरच होतो."

हिलालभाऊनं पुन्हा बोट पुढे केलं आणि कुणी न विचारता मोजून सांगितलं, "सात शेत."

"ही खूण झाली!" आत्याबाई ओरडल्या. "नेम मोडला तिचा! गिरधर, सांग तिले, ही खूण आहे."

"खूण कशी? ती जेवते आहे," हे म्हणाले. "तूच वाढलंस, तिनं खाल्लं. खाणं म्हणजे बोलणं असेल, तर दोन महिने तू तिला किती बोलायला लावलंस, त्याचा आधी हिशोब दे."

आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी खाली मान घालून पुढचा घास मोडत होते, पण हसू काही आवरेना, आणि हसू ही खूण आहे की नाही हे आम्ही ठरवलेलंच नव्हतं. त्यांनी पदर तोंडाला लावला. पदराआड त्या किती वेळ हसत होत्या आणि किती वेळ डोळे पुसत होत्या, ते मला सांगता येणार नाही. मग खाली बसल्या आणि माझ्या ताटातल्या करंज्या एकेक करून उचलू लागल्या.

"एवढ्या आता खाल्ल्या तर जळजळ होईल तिले," त्या कुणालाच उद्देशून न बोलल्यासारखं बोलल्या. "ताटात मीच ठेवल्या, मीच उचलते. टाकल्या असं नही होत." सातही करंज्या त्यांनी फडक्यात बांधल्या, गाठ घट्ट मारली आणि ती पुरचुंडी दारामागच्या माझ्या पिशवीवर नेऊन ठेवली. "वाटेत थोड्या थोड्या खा."

मी हात धुतले, मौन सुटलं आणि त्यांच्या पाया पडायला वाकू लागले. वाकता येईना. त्यांनीच मला दंडाला धरून सरळ केलं.

"आता बोल," म्हणाल्या.

"येते, आत्याबाई," एवढंच म्हटलं.

"येते काय? मी तापीपर्यंत येणार आहे. नारळ टाकल्याशिवाय ओलांडू नही देत."

एसटीत दाटी होती. पुढच्या सीटवर दोन माणसं पाय पसरून बसली होती. आत्याबाई चढल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "उठा रे भाऊ, उठा. पोरीले नववा लागला आहे, कधी काय होईल सांगता येत नही!"

दोघं असे उठले, की एकाची टोपी खाली पडली. कंडक्टरही घाबरून बघायला लागला. मी बसले. आत्याबाई शेजारी बसल्या. हिलालभाऊ मागे दांड्याला धरून उभा होता, तो वाकून माझ्या कानात म्हणाला, "अक्का, दोन महिना कुठून उनात?" मी माझ्याहून मोठ्या भावाचीही अक्का, कारण त्याची लेकरं मला अक्का म्हणतात.

"घरी आठवा होता, ताटात सातवा झाला, एसटीत नववा," मी हळूच म्हटलं. "तापी येईपर्यंत बाळंत होईन."

"ऐकू आलं मले," आत्याबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "मौन बरं होतं तुहं."

पुलावर एसटी आली. श्रावणाचं पाणी, तापी तांबडी आणि भरून वाहत होती. आत्याबाईंनी नारळ पदराखालून काढून खिडकीतून टाकला आणि हात जोडले. ओठ हलत होते. काय म्हणत होत्या ते मी विचारलं नाही. प्रत्येकाचं मागणं त्याच्यापाशी. मग त्यांनी खालच्या वाळूच्या पट्ट्याकडे बोट दाखवलं. "तिथं. त्या बाभळीपाशी झाला गिरधर." पोट माझं तेवढ्यात आवळून आलं, टणक झालं. मी त्यांचा हात धरून पोटावर ठेवला. त्या दचकल्या, मग श्वास धरून बसल्या. मी बाटलीतलं पाणी प्यायले. पूल संपला आणि पोट सैल पडलं. आतून लाथ बसली, नेमकी त्यांच्या तळहातावर.

"सराव," मी म्हटलं.

"कवायत," त्या म्हणाल्या, आणि हात तसाच राहू दिला.

तापी ओलांडून झाली तरी त्या उतरल्या नाहीत. भुसावळला उतरल्या, त्या सरळ रेल्वेच्या तिकिटाच्या खिडकीपाशी. हिलालभाऊनं विचारलं, "मावशी, तुम्ही?"

"धरणगावपर्यंत येते. उद्या सकाळच्या गाडीनं परत."

"मग घरी स्वयंपाक?" मी म्हटलं.

"यशोदाबाई भाकरी टाकेल दोघांच्या. काल सांगून ठेवलं तिले."

कालच? मी त्यांच्या काखेतल्या गाठोड्याकडे बघितलं. निघताना मला वाटलं होतं, त्यात नारळ असेल. पण नारळ तर तापीत गेला होता आणि गाठोडं होतं तेवढंच फुगलेलं होतं. एका कोपऱ्यातून लुगड्याचा काठ डोकावत होता, त्याच्याखाली दुसऱ्या लुगड्याचा, आणि त्याच्याखाली तिसऱ्याचा.

"उद्या सकाळच्या गाडीनं का?" मी विचारलं.

"उद्या म्हणजे उद्याच का वं?" त्या म्हणाल्या. "तुमच्याकडचे आठवडे, आमच्याकडचे महिने. मोजू सावकाश."

धरणगावला पोचलो तेव्हा आई दारातच उभी होती. तिनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, माझी हनुवटी धरली आणि पहिला प्रश्न विचारला, "कितवा आता? सातवा ना?"

मी, हिलालभाऊ आणि आत्याबाई, तिघं एकमेकांकडे बघायला लागलो.

"ते जेवताना सांगू," आत्याबाई म्हणाल्या.

दिवेलागणीला मी देवापुढे दिवा लावला आणि पानावर बसले. आईनं माझ्यासाठी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी केली होती, वर लोणी. छातीत जळजळ होती ती होतीच. पण त्या वासानं मला इतकं बरं वाटलं, की मी भाकरीकडे नुसती बघत बसले. आईला माझ्या नेमाचं काही ठाऊक नव्हतं. ते आत्याबाईंनी तिला सगळं समजावून सांगितलं. हूं नाही, मान नाही, हात नाही, डोळे नाहीत, ताटात पडेल ते टाकायचं नाही.

"असं का?" आई म्हणाली, आणि लोण्याची वाटी जरा जवळ ओढली.

मी उजवीकडे बघितलं, तिथे आई. डावीकडे बघितलं, तिथे आत्याबाई. दोघींच्याही हातात भाकरी होती.

मी देवाचं नाव घेतलं आणि पहिला घास उचलला.